रुग्णसाहाय्य करणाऱ्या न्यासाचा हिशेब देणगीदाराने कसा वाचावा

रुग्णसाहाय्य करणाऱ्या संस्थेचे देणगीचे आवाहन हाती येते तेव्हा त्यात बहुधा एक ओळ ठळक अक्षरांत छापलेली असते: ‘तुमच्या प्रत्येक रुपयातील ९० पैसे थेट रुग्णापर्यंत पोचतात.’ ही ओळ खरी असू शकते, खोटी असू शकते, आणि पुष्कळदा ती खरी असूनही निरुपयोगी असते. कारण नव्वद पैशांत काय धरले आणि दहा पैशांतून काय वगळले, हे ती सांगत नाही. आमच्या गृहनिर्माण सोसायटीत गणेशोत्सवाच्या वर्गणीतून उरलेली रक्कम एखाद्या वैद्यकीय न्यासाला देण्याची पद्धत आहे, आणि खजिनदार म्हणून नाव सुचवण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते. त्या निमित्ताने न्यासांचे हिशेब चाळता चाळता वाचनाची जी रीत बसली ती येथे मांडली आहे. महाराष्ट्रात नोंदलेल्या सार्वजनिक न्यासांच्या हिशेबांचे नमुने कायद्याने ठरवून दिलेले आहेत, त्यामुळे ते एकदा वाचता आले की पुण्याची संस्था असो वा चंद्रपूरची, कागद ओळखीचेच निघतात.

कागद कोणते मागावेत

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याखाली नोंदलेल्या न्यासाला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडून नोंदणी क्रमांक मिळतो. वैद्यकीय कामाच्या संस्थांचा क्रमांक बहुधा ‘ई’ किंवा ‘एफ’ या अक्षराने सुरू होतो. तो पावतीपुस्तकावर आणि पत्रशीर्षावर छापलेला असावा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपल्यावर सहा महिन्यांच्या आत लेखापरीक्षण होऊन हिशेब धर्मादाय कार्यालयात पोचावे लागतात. म्हणजे डिसेंबर महिन्यात एखाद्या संस्थेने ‘मागच्या वर्षाचे ऑडिट अजून चालू आहे’ असे सांगितले, तर ती एक मुदत चुकलेली संस्था आहे, एवढी नोंद आपण करून ठेवावी.

संस्थेकडे तीन कागद मागावेत आणि तेही लागोपाठच्या तीन वर्षांचे: अनुसूची ८ मधील ताळेबंद, अनुसूची ९ मधील उत्पन्न-खर्च पत्रक, आणि लेखापरीक्षकाचा अहवाल त्याच्या टिपांसह. एका वर्षाचा हिशेब हा छायाचित्रासारखा असतो. त्या वर्षी एखादे मृत्युपत्रातील मोठे दान आले असेल किंवा इमारतीचे छप्पर दुरुस्त करावे लागले असेल, तर सगळी टक्केवारी बिघडते. तीन वर्षे शेजारी ठेवली की नेहमीचे काय आणि अपवादाचे काय, हे आपोआप दिसते. संस्था कंपनी कायद्याच्या कलम ८ खालील, म्हणजे नफ्यासाठी नसलेली, कंपनी असेल तर तिची वार्षिक पत्रके कंपनी निबंधकाकडे असतात आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात.

सचित्र वार्षिक अहवाल मात्र हिशेबाच्या जागी स्वीकारू नये. त्यात रंगीत वर्तुळ काढून त्याचे तुकडे दाखवलेले असतात; ते वर्तुळ कोणत्या आकड्यांवरून काढले हे पाहायला अनुसूची ९ लागतेच. कागद मागितल्यावर संस्था कशी वागते हीसुद्धा एक माहिती आहे. माझ्या अनुभवात ज्या संस्थांचे हिशेब नीट होते त्यांनी ते दोन-चार दिवसांत पाठवले, आणि एका संस्थेने ‘तुम्ही देणार किती, त्यावर पाहू’ असे विचारले; तिचे हिशेब मी पाहिलेच नाहीत, कारण आम्ही ते नाव तेथेच सोडले.

‘आस्थापना खर्च’ या शब्दाने फसू नये

अनुसूची ९ च्या खर्चाच्या बाजूला मालमत्तेवरील खर्च, आस्थापना खर्च, विश्वस्तांचे मानधन, कायदेशीर खर्च, लेखापरीक्षण शुल्क, संकीर्ण खर्च, घसारा (यंत्रे, फर्निचर यांच्या झिजेपोटी दरवर्षी धरलेली रक्कम), राखीव किंवा विशिष्ट निधीकडे वर्ग केलेली रक्कम आणि शेवटी ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’ अशा ओळी असतात. या शेवटच्या ओळीचे पोटभाग आहेत: धार्मिक, शैक्षणिक, वैद्यकीय साहाय्य, दारिद्र्यनिवारण आणि इतर धर्मादाय कामे. नवखा वाचक ‘वैद्यकीय साहाय्य’ हा आकडा एकूण खर्चाने भागतो, उरलेले सगळे प्रशासकीय खर्चात टाकतो आणि निकाल लावून मोकळा होतो. येथेच गफलत होते, कारण पगार कोणत्या ओळीत घालायचे याबद्दल संस्थांची पद्धत एकसारखी नसते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका न्यासाचे डायलिसिस केंद्र आहे आणि त्याचा वर्षाचा खर्च २ कोटी ४० लाख रुपये आहे. त्यात डायलायझर, नळ्या, द्रावण व औषधे यांवर ९० लाख, तंत्रज्ञ, परिचारिका व डॉक्टर यांच्या पगारावर ६२ लाख, गरीब रुग्णांना इतर उपचारांसाठी दिलेली मदत २८ लाख, कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे पगार १४ लाख, भाडे व वीज ६ लाख, लेखापरीक्षण व कायदेशीर खर्च ३ लाख, घसारा २२ लाख आणि देणग्या गोळा करण्यासाठी केलेल्या संगीत रजनीचा खर्च १५ लाख, अशी विभागणी आहे.

आता याच न्यासाचा प्रशासकीय खर्च किती? संगीत रजनीचा खर्च तिच्या उत्पन्नातून परस्पर वजा करून फक्त निव्वळ देणगी दाखवली, तर तो खर्चाच्या बाजूला येतच नाही. मग २ कोटी २५ लाखांपैकी कार्यालयाचे १४, ६ आणि ३ मिळून २३ लाख, म्हणजे सुमारे १० टक्के होतात. आवाहनातील ‘९० पैसे’ येथूनच आले. रजनीचा खर्च उघडपणे दाखवला तर २ कोटी ४० लाखांपैकी ३८ लाख, म्हणजे जवळजवळ १६ टक्के. आणि लेखापालाने सगळेच पगार ‘आस्थापना खर्च’ या ओळीत घातले असतील, तर कोऱ्या नजरेने वाचणाऱ्याला पगारांचे ७६ लाख आणि भाडे, शुल्क व रजनीचे २४ लाख मिळून १ कोटी रुपये, म्हणजे ४२ टक्क्यांच्या आसपास खर्च ‘ऑफिसवर’ गेलेला दिसेल. संस्था तीच, रुग्ण तेच, रुपयेही तेच. आकडे मात्र १०, १६ आणि ४२.

वैद्यकीय कामात डॉक्टर, परिचारिका आणि तंत्रज्ञ हेच काम असते. सुईची पेटी विकत घेणे हा रुग्णावरील खर्च आणि ती सुई टोचणाऱ्या परिचारिकेचा पगार हा वरचा खर्च, असे मानणे वेडेपणाचे आहे. परदेशी देणग्यांच्या नियमांतही हा भेद केलेला आहे: विदेशी अभिदाय विनियमन कायद्याखालील २०११ च्या नियमांमध्ये प्रशासकीय खर्चाची यादी देताना संस्थेच्या उद्दिष्टांसाठी थेट होणारा खर्च, जसे रुग्णालयातील डॉक्टरांचे किंवा शाळेतील शिक्षकांचे पगार, स्पष्टपणे वगळला आहे. त्याच यादीत नियामक मंडळाच्या सदस्यांचे मानधन व प्रवास, व्यवस्थापनासाठी नेमलेली माणसे, कार्यालयाचे भाडे, वीज, दूरध्वनी, टपाल, वाहनांची देखभाल, हिशेब लिहिण्याचा व अहवाल तयार करण्याचा खर्च आणि कायदेशीर व व्यावसायिक शुल्क ही कलमे प्रशासकीय म्हणून धरली आहेत. संस्था परदेशी पैसे घेत नसली तरी वर्गवारीसाठी हीच यादी हाताशी ठेवणे सोयीचे पडते.

म्हणून ‘आस्थापना खर्च’ ही ओळ दिसली की तिचे परिशिष्ट मागावे आणि कागदाच्या समासात स्वतः तीन रकाने करावेत: रुग्णांवर व रुग्णसेवेवर झालेला खर्च, कार्यालय चालवण्याचा खर्च आणि निधी गोळा करण्याचा खर्च. घसाराही असाच वाटावा. वरच्या उदाहरणातील २२ लाखांपैकी २० लाख डायलिसिस यंत्रांचा आणि २ लाख कार्यालयातील संगणक व फर्निचरचा असेल, तर पहिला भाग रुग्णसेवेचा आहे. याच्या उलट बाजूची एक गोष्ट विसरली जाते: ज्या वर्षी न्यासाने साठ लाखांची नवी यंत्रे घेतली, त्या वर्षी ती रक्कम उत्पन्न-खर्च पत्रकात खर्च म्हणून दिसतच नाही, ती ताळेबंदात मालमत्ता म्हणून जाते, आणि पत्रकात भलीमोठी शिल्लक दिसते. ‘एवढे पैसे उरले तरी हे अजून मागतात’ असा शेरा मारण्याआधी ताळेबंदाचे पान उलटून पाहावे.

वस्तुरूप देणग्या

वैद्यकीय संस्थांच्या बाबतीत सर्वांत जास्त फुगवटा येथे होऊ शकतो. औषध कंपनीने मुदत संपत आलेली किंवा न खपलेली औषधे दिली आणि न्यासाने ती छापील कमाल किमतीने उत्पन्नात व वाटप म्हणून खर्चात दाखवली, तर दोन्ही बाजू सारख्याच वाढतात, हिशेब जुळतो आणि टक्केवारी सुधारते. आपल्या उदाहरणातील न्यासाने १ कोटीची औषधे अशी दाखवली, तर एकूण खर्च ३ कोटी ४० लाख होतो आणि ३८ लाखांचा हिस्सा १६ वरून ११ टक्क्यांवर येतो. कार्यालयात एका कप चहाचीही काटकसर झालेली नसते. तीच औषधे घाऊक बाजारात २० लाखांना मिळत असतील आणि त्या दराने नोंदली, तर हिस्सा साडेचौदा टक्के राहतो.

अमेरिकेत २०१५ मध्ये तेथील संघराज्य व्यापार आयोगाने सर्व पन्नास राज्यांसह चार कर्करोग-मदत संस्थांवर दावा लावला, त्यात १८ कोटी ७० लाख डॉलर इतक्या देणग्या लोकांची फसवणूक करून गोळा केल्याचा आरोप होता. त्या तक्रारीतला एक महत्त्वाचा मुद्दा असा होता की, परदेशी पाठवल्या जाणाऱ्या वस्तुरूप देणग्यांचे मोठमोठे आकडे आपल्या हिशेबात दाखवून या संस्थांनी आपला प्रशासकीय आणि निधीसंकलनाचा खर्च प्रमाणाने लहान भासवला. आपल्याकडील वाचकाने यातून घ्यायची खबरदारी साधी आहे. वस्तुरूप देणग्यांचा आकडा दोन्ही बाजूंनी वजा करून फक्त रोख रकमेवर टक्केवारी पुन्हा काढावी, आणि वस्तूंची किंमत कोणत्या आधाराने लावली हे टिपांमध्ये लिहिले आहे का ते पाहावे. तीही गोष्ट लिहिलेली नसेल तर विचारावे की औषधांची मुदत किती शिल्लक होती आणि वाटपाची नोंदवही कोठे आहे.

प्रमाण कमी म्हणजे संस्था चांगली का

नाही. आणि हे मी वर्गणीदारांना पटवून देता देता थकलो आहे. ज्या न्यासात एकच कारकून पावत्या फाडतो, हिशेब लिहितो, बँकेत जातो आणि रोकडही सांभाळतो, त्याचा प्रशासकीय खर्च ४ टक्के असेल. पण तेथे पैसे गहाळ झाले तर कोणाला कळणारही नाही. रुग्णाची उत्पन्नाची कागदपत्रे तपासणारा वैद्यकीय समाजसेवक, औषधसाठ्याची मोजदाद, रुग्णालयाला दिलेला धनादेश खरोखर त्याच रुग्णाच्या बिलात जमा झाला का याची फेरतपासणी, कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी, हे सगळे ‘वरचे खर्च’ आहेत आणि त्यांच्याविना रुग्णसाहाय्य म्हणजे नुसते वाटप. २०१३ मध्ये अमेरिकेतील धर्मादाय संस्थांचे मूल्यमापन करणाऱ्या तीन प्रमुख संस्थांनी देणगीदारांना उद्देशून संयुक्त पत्र काढून सांगितले होते की, प्रशासकीय खर्चाच्या प्रमाणावरून संस्थेची पारख करू नका. ज्यांनी हे प्रमाण छापून लोकांना त्याची सवय लावली त्यांनीच ते पत्र लिहिले, हे विशेष.

तरीही प्रमाण निरर्थक ठरत नाही. त्याचा खरा उपयोग एकाच संस्थेची स्वतःशी तुलना करण्यासाठी आहे. तीन वर्षांत कार्यालयाचा खर्च दीडपट झाला आणि रुग्णांची संख्या तेवढीच राहिली, तर त्याचे कारण विचारण्याजोगे आहे. निरनिराळ्या प्रकारच्या संस्थांची तुलना मात्र टाळावी. रुग्णालयाच्या खात्यात थेट धनादेश देणाऱ्या न्यासाचा खर्च स्वभावतःच कमी असतो. मेळघाटात किंवा गडचिरोलीत फिरता दवाखाना चालवणाऱ्या संस्थेला गाडी, इंधन, चालक आणि दुर्गम भागात राहायला तयार होणारा डॉक्टर लागतो. या दोघांना एका पट्टीने मोजणे अन्यायाचे आहे.

प्रमाणाऐवजी एकेका सेवेचा खर्च काढून पाहणे अधिक बोलके असते. आपल्या उदाहरणातील केंद्रात वर्षाला १०,७५० डायलिसिस झाली असतील, तर साहित्य ९० लाख, पगार ६२ लाख व यंत्रांचा घसारा २० लाख, असे १ कोटी ७२ लाख भागिले १०,७५०, म्हणजे एका वेळेचा खर्च १,६०० रुपये येतो. इतर उपचारांसाठी दिलेले २८ लाख सोडून बाकीचा सगळा खर्च धरला तर तो १,९७२ रुपये होतो. आता उत्पन्नाच्या बाजूला जावे. रुग्णाकडून दर वेळी ६०० रुपये घेतले जात असतील तर ६४ लाख ५० हजार रुपये तेथे ‘रुग्णशुल्क’ म्हणून दिसले पाहिजेत, आणि संस्थेने आवाहनात ‘मोफत डायलिसिस’ लिहिले असेल तर त्या शब्दाचा खुलासा मागितला पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या सरकारी योजनेतून संस्थेला त्याच रुग्णांसाठी पैसे मिळत असतील, तर तेही उत्पन्नात हवेत. एकाच डायलिसिसचा खर्च सरकारने दिला, थोडा रुग्णाने दिला आणि तोच देणगीदारालाही दाखवला, असे होऊ शकते. ते उत्पन्नाची बाजू वाचल्याशिवाय दिसत नाही.

निधी गोळा करण्याच्या खर्चाचेही असेच. १५ लाख खर्चून रजनीतून ४० लाख आले, म्हणजे एक रुपया मिळवायला साडेसदतीस पैसे लागले. पहिल्या वर्षी हे समजून घेता येते, कारण त्यातून कायमचे देणगीदार जोडले जातात. सलग तिसऱ्या वर्षीही तोच दर असेल तर ती रजनी रुग्णांसाठी होते की प्रायोजकांसाठी, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे.

ताळेबंदातील चार जागा

पहिली जागा कायम निधीची, ज्याला बोलताना सगळे कॉर्पसच म्हणतात. त्यातील मूळ रक्कम जपायची आणि व्याज वापरायचे असा संकेत असतो. त्याखाली विशिष्ट हेतूंसाठी राखलेले निधी असतात: इमारत निधी, कर्करोग साहाय्य निधी, अमुक यांच्या स्मरणार्थ निधी. येथे तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवून पाहावे की राखीव निधी नुसता वाढतोच आहे की त्यातून पैसे खर्चही होत आहेत. २००४ च्या त्सुनामीनंतर ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संस्थेने जानेवारी २००५ मध्येच जाहीर केले की त्सुनामीसाठी लागतील तेवढे पैसे जमले आहेत, आता त्या नावाने देऊ नका. आणि जादा रक्कम इतर संकटांसाठी वापरण्याची परवानगी तिने देणगीदारांकडे मागितली. हेतूसाठी दिलेल्या पैशाला कसे वागवावे याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते.

दुसरी जागा ठेवींची. बारा कोटींच्या ठेवी असलेला न्यास कळकळीचे आवाहन करतो तेव्हा राग येतो, पण भागाकार करूनच रागवावे. हेतूला न बांधलेली शिल्लक भागिले महिन्याचा सरासरी खर्च, म्हणजे नवी देणगी न आली तर संस्था किती महिने चालेल हे कळते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला बहुधा आठवड्यातून दोन-तीनदा यावेच लागते. असे केंद्र पैसे संपले म्हणून महिनाभर बंद ठेवता येत नाही, त्यामुळे तेथे सहा महिने ते वर्षभराची तजवीज मी दोष मानत नाही, गुण मानतो. चार-पाच वर्षांची तजवीज असेल तर मात्र विश्वस्तांनी योजना सांगितली पाहिजे. आयकर कायद्याप्रमाणेही न्यासाने वर्षाच्या उत्पन्नापैकी किमान ८५ टक्के उद्दिष्टांसाठी वापरायचे असतात. जास्त साठवायचे तर हेतू कळवून, पाच वर्षांच्या मुदतीत वापरायचे असतात.

तिसरी जागा म्हणजे ‘उचल’. अनुसूची ८ मध्ये विश्वस्तांना, कर्मचाऱ्यांना, कंत्राटदारांना आणि वकिलांना दिलेली उचल वेगवेगळी दाखवायची असते. कंत्राटदाराची उचल समजू शकते. विश्वस्ताच्या नावावर रक्कम असेल आणि ती तीन वर्षे हललेली नसेल, तर मी पुढे वाचत नाही. चौथी जागा कर्जांची: विश्वस्तांकडून घेतलेले कर्ज तेथे वेगळे दिसते, आणि न्यासासाठी कर्ज घ्यायला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, म्हणून ती परवानगी घेतली का हे विचारणे उद्धटपणाचे नाही.

लेखापरीक्षकाच्या अहवालात कायद्याच्या नियमांप्रमाणे एक प्रश्नावली असते आणि बहुतेक जण ती न वाचताच पान उलटतात. विश्वस्तांपैकी कोणी न्यासाचा ऋणको किंवा धनको आहे का, न्यासाच्या गुंतवणुकीत कोणा विश्वस्ताचा हितसंबंध आहे का, बांधकाम व दुरुस्तीसाठी निविदा मागवल्या का, मागील वर्षी दाखवलेल्या त्रुटी दूर केल्या का, विश्वस्तांची संख्या नियमाप्रमाणे आहे का, सभा नियमित होतात का, अशा या प्रश्नांची उत्तरे ‘होय’, ‘नाही’ किंवा ‘लागू नाही’ अशी एक-दोन शब्दांत असतात. संपूर्ण हिशेबात इतकी कमी जागा व्यापून इतके सांगणारे दुसरे पान नाही. औषधे विश्वस्ताच्या भावाच्या दुकानातून घेतली जातात किंवा कार्यालय विश्वस्ताच्या जागेत भाड्याने आहे, एवढ्यावरून व्यवहार वाईट ठरत नाही. दर बाजारभावाचा आहे का आणि तो ठराव करताना ते विश्वस्त बाजूला राहिले का, हे पाहावे लागते. आयकर कायद्यातही विश्वस्त व त्यांच्या नातलगांना लाभ झाल्यास करसवलत धोक्यात येते.

कायद्यातील टक्के आणि त्यांची गल्लत

धर्मादाय रुग्णालये ‘आम्ही दोन टक्के रक्कम गरीब रुग्णांसाठी बाजूला काढतो’ असे अभिमानाने छापतात. ती त्यांची उदारता नसून बंधन आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे अशा रुग्णालयांना एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीच्या स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते, दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीत द्याव्या लागतात. तेव्हा रुग्णालयाच्या न्यासाने देणगी मागितली, तर आपले पैसे या बंधनापलीकडे कोठे जाणार हे विचारावे, आणि निर्धन रुग्ण निधीत शिल्लक पडून असताना वेगळे आवाहन का, हेही विचारावे.

परदेशी देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्के झाली आणि मिळालेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करण्यास बंदी आली. ही मर्यादा फक्त त्या पैशापुरती आहे, संस्थेच्या सगळ्या खर्चाला ती लागू नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीच्या नियमांतील पाच टक्क्यांची मर्यादाही अशीच चुकीच्या ठिकाणी उद्धृत होते: ती कंपनीने स्वतःच्या व्यवस्थापनावर करायच्या खर्चाला आहे, संस्थेच्या कार्यालयावर नाही. काही कंपन्यांचे अधिकारी हाच आकडा संस्थांवर लादतात, आणि मग संस्था बिचारी लेखापालाचा पगार ‘प्रकल्प समन्वयक’ या नावाने दाखवते. अशा हिशेबात खोटेपणा शोधताना तो कोणी करायला लावला याचाही विचार व्हावा.

उद्दिष्टांवरील खर्चात ‘इतर न्यासांना दिलेल्या देणग्या’ अशी ओळ असेल तर ती वेगळी काढावी. पैसा एका न्यासातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असा फिरत राहिला तर प्रत्येकाच्या हिशेबात तो ‘उद्दिष्टांवर खर्च’ झालेला दिसतो आणि रुग्णापर्यंत शेवटी किती पोचला ते कोठेच दिसत नाही. २०२३ च्या वित्त कायद्याने अशा देणगीचा ८५ टक्के भागच उद्दिष्टांवरील वापर म्हणून धरायचे ठरवले, त्यामागचे कारण हेच.

देणगी देताना

हिशेब पटला की रक्कम देण्याआधी एकदा दूरध्वनी करून दोनच प्रश्न विचारावेत. मदतीसाठी आलेल्या किती अर्जांना तुम्ही नकार दिला आणि का? आणि मंजुरीपासून रुग्णालयाच्या खात्यात पैसे जमा होईपर्यंत किती दिवस लागतात? पहिल्या प्रश्नाचे उत्तर तयार असेल तर निवडीचे निकष आहेत असे समजावे, आणि दुसऱ्याचे उत्तर दिवसांत न मिळता ‘लगेच’ असे मिळाले तर नोंद ठेवली जात नाही असे समजावे.

देणगीच्या पत्रात हेतू लिहावा, पण तो फार आवळू नये. ‘फक्त औषधांसाठीच’ असे लिहिल्याने आपल्याला समाधान मिळते. संस्थेला मात्र तंत्रज्ञाच्या पगारासाठी दुसरा दाता शोधावा लागतो. आम्ही अलीकडे ‘डायलिसिस केंद्राच्या सर्व खर्चासाठी’ असे लिहितो. कायम निधीसाठी द्यायचे असेल तर तसे स्पष्ट लिहून द्यावे लागते, नाहीतर ती रक्कम त्या वर्षाचे उत्पन्न ठरते. दोन हजारांवरील रोख रकमेला आयकरातील देणगीची, म्हणजे कलम ८०जी ची, वजावट मिळत नाही, म्हणून धनादेश किंवा बँकेतून हस्तांतरण करावे. नव्या करप्रणालीत ही वजावट नाहीच. १ एप्रिल २०२६ पासून आयकराचा २०२५ चा कायदा लागू झाल्याने कलमांचे व अर्जांचे क्रमांक बदलले असले, तरी संस्था अजून जुन्याच क्रमांकांनी बोलतात. ही वजावट मागण्यासाठी लागणारे देणगीचे प्रमाणपत्र, जे पूर्वी दहा-बीई म्हणून ओळखले जात होते, ते संस्थेने देणगीदारांचे विवरण आयकर खात्याकडे भरल्यावरच तयार होते, आणि त्या विवरणाची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरची ३१ मे अशी असे. जूनच्या पहिल्या आठवड्यात प्रमाणपत्र आले नाही तर आठवण करावी, आणि ते आल्यावर त्यावरील स्थायी खाते क्रमांक (पॅन) व रक्कम आपल्या पावतीशी ताडून पाहावी.